स्टेटन आयलंड, २०००: सापळ्यातले डास दोन आठवडे आधी काय सांगत होते

डासांमुळे होणाऱ्या रोगाची बातमी आपल्यापर्यंत येते ती हॉस्पिटलमधून, इतके पेशंट सापडले, इतके दगावले, आणि मग संध्याकाळी गल्लीत धुराची गाडी. पण पेशंट हा या सगळ्या साखळीतला शेवटचा असतो, त्याच्या आधी कितीतरी दिवस डासांमध्ये आणि पक्ष्यांमध्ये व्हायरस फिरत असतो, तो तेव्हाच दिसला तर? हे ज्यांनी बॅटरी, जाळी आणि ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) घेऊन प्रत्यक्षात करून बघितलं त्यातलं एक प्रकरण इथं सविस्तर मांडतोय. जागा न्यूयॉर्क शहरातलं स्टेटन आयलंड, साल २०००, रोग वेस्ट नाइल, म्हणजे डास चावून होणारा आणि कधीकधी मेंदूपर्यंत जाणारा व्हायरसचा ताप.

आधी थोडं मागचं सांगावं लागेल. १९९९ च्या ऑगस्टमध्ये क्वीन्स भागातल्या फ्लशिंग हॉस्पिटलमध्ये डॉ. डेबोरा ॲस्निस यांना दोन पेशंट असे दिसले की ताप, भ्रमिष्टपणा, मेंदूज्वरासारखं सगळं आणि वर हातापायातली ताकद गेलेली, हे नेहमीचं नाही म्हणून त्यांनी २३ ऑगस्टला शहराच्या आरोग्य खात्याला कळवलं. तो फोन झाला नसता तर पुढचं सगळं आणखी उशिरा कळलं असतं. पहिल्या तपासण्यांवरून हा सेंट लुइस एन्सेफलायटिस (डासांमुळेच होणारा, अमेरिकेतला जुना मेंदूज्वर) वाटला, ३ सप्टेंबरला तसं जाहीर झालं आणि फवारणी सुरू झाली. त्याच काळात शहरात कावळे पटापट मरत होते, ब्राँक्स प्राणीसंग्रहालयातले पक्षीही मरत होते, आणि तिथल्या पॅथॉलॉजिस्ट ट्रेसी मॅकनमारा सांगत राहिल्या की सेंट लुइसचा व्हायरस पक्ष्यांना असा मारत नाही, काहीतरी वेगळं आहे. सप्टेंबरच्या अखेरीस नक्की झालं की हा वेस्ट नाइल व्हायरस, १९३७ मध्ये युगांडात सापडलेला, त्याआधी अमेरिका खंडात कधीच न दिसलेला. (आपल्याकडे मात्र जुना, मुंबईतल्या लोकांच्या रक्तात त्याच्या अँटिबॉडीज १९५२ मध्येच सापडल्या होत्या.) त्या मोसमात न्यूयॉर्क परिसरात ६२ जण गंभीर आजारी पडले आणि ७ गेले. नंतर उत्तर क्वीन्समध्ये घरोघरी जाऊन रक्त तपासलं तर साधारण २.६ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली, म्हणजे मेंदूपर्यंत गेलेल्या एका पेशंटमागे जवळपास १४० लोकांच्या अंगात व्हायरस येऊन गेला होता आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. हॉस्पिटलमधून मोजत बसलं तर लागणीचा इतका बारीक तुकडाच दिसतो, आणि तोही उशिरा.

डास पकडायचं काम १९९९ मध्ये साथ सुरू झाल्यावर सुरू झालं. ३२ हजारांहून जास्त डास, २५ जाती, आणि त्यातून व्हायरस वेगळा करता आला तो १५ वेळा, बहुतेक क्युलेक्स पिपियन्सच्या डासांमधून. हा पिपियन्स म्हणजे आपल्या गटारातल्या क्युलेक्स क्विंकेफॅशिएटसचा, ज्याच्यामुळे आपल्याकडे हत्तीरोग पसरतो त्याचा, अगदी जवळचा भाऊबंद, तुंबलेलं घाण पाणी त्यालाही तितकंच प्रिय. मग हिवाळा आला, थंडीत सगळं आपोआप संपलं असेल अशी आशा होती, म्हणून थंडीभर कोपऱ्यात दडून बसलेले साधारण २,३०० डास गोळा करून तपासले, तर त्यातही व्हायरस निघाला, जिवंत व्हायरससुद्धा. म्हणजे उन्हाळ्यात तो पुन्हा येणार हे धरून चालणं भाग होतं, फक्त कुठं येणार ते कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणून २००० च्या मोसमात शहराच्या पाचही भागांत सापळे लावले गेले. इथं लाइट ट्रॅप म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना दुकानातला निळ्या दिव्याचा, चट् आवाज करून डास जाळणारा डबा डोळ्यासमोर येतो. तो डास मारायला असतो (आणि त्यातही मरतात ते बहुतेक भलतेच किडे). मोजणीचा लाइट ट्रॅप वेगळा. याचा जुना अवतार म्हणजे न्यूजर्सी लाइट ट्रॅप, १९३० च्या दशकात थॉमस हेडली यांनी केलेला, स्टेटन आयलंडच्या समोरच्याच राज्यातला. तो दणकट, विजेच्या लाइनवर चालणारा, खाली विषाची बरणी, त्यात डास मरून पडायचे, मोजायला ठीक पण व्हायरस शोधायला तितकेसे कामाचे नाहीत. मग १९६२ मध्ये सुडिया आणि चेंबरलेन यांनी सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा) छोटा लाइट ट्रॅप आणला, तो ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, एक बारका बल्ब, त्याखाली छोट्या मोटरचा पंखा, त्याखाली जाळीची पिशवी, वर पावसापासून झाकण. डास दिव्यापाशी आला की पंखा त्याला खाली ओढतो आणि पिशवीत तो सकाळपर्यंत जिवंत राहतो. झाडाच्या फांदीला साधारण छातीच्या उंचीवर लटकवायचा, संध्याकाळच्या आधी लावायचा आणि सकाळी उन्हं तापायच्या आत काढायचा.

दिव्यापेक्षाही जास्त काम करतो तो शेजारी टांगलेला ड्राय आइस. किलो-दोन किलो ड्राय आइस भोकाच्या डब्यात ठेवला की रात्रभर कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो, आणि भुकेल्या मादीला तो म्हणजे जवळ कुणीतरी श्वास घेतंय असं वाटतं. नुसत्या दिव्यावर आणि ड्राय आइससकट दिव्यावर येणाऱ्या डासांच्या संख्येत खूपच फरक पडतो, त्यामुळे एका आठवड्यात ड्राय आइस मिळाला आणि दुसऱ्यात नाही मिळाला तर त्या दोन आठवड्यांची तुलनाच करता येत नाही. तसंच चंद्राचं. पौर्णिमेच्या आसपास आकाशातच उजेड असतो, बल्ब फिका पडतो, पकड कमी होते, आणि त्यावरून डास कमी झाले असं वाचलं तर फसगत. वारा, पाऊस, रस्त्यावरचा दिवा, सगळ्याचाच परिणाम होतो. म्हणून ठरलेली जागा, ठरलेला वार, तीच पद्धत, हे कंटाळवाणं वाटलं तरी सोडायचं नाही, आणि ज्या रात्री पंखा बंद पडला त्या रात्री शून्य डास लिहायचे नाहीत, ती रात्र हिशोबातूनच काढून टाकायची.

आता या प्रकरणातला मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटणारा भाग. न्यूयॉर्कमध्ये नुसते लाइट ट्रॅप नव्हते, सोबत ग्रॅव्हिड ट्रॅप होते. हा जमिनीवर ठेवतात, एका टबात गवत-चारा कुजवलेलं वास मारणारं पाणी आणि वर पंखा. लाइट ट्रॅपकडे येते ती रक्त शोधत निघालेली मादी. ग्रॅव्हिड ट्रॅपकडे येते ती आधीच रक्त पिऊन झालेली, पोटात अंडी तयार असलेली, ती घालायला घाण पाणी शोधणारी मादी. व्हायरस कुणात असायची शक्यता जास्त? उघड आहे, जिनं आधी कुणाला तरी चावून झालंय तिच्यात. लाइट ट्रॅपमधल्या कित्येक माद्या नुकत्याच बाहेर पडलेल्या, आयुष्यात एकदाही रक्त न प्यायलेल्या असतात, त्यांच्यात वेस्ट नाइल सापडणं अवघडच. त्यात क्युलेक्स पिपियन्स हा पक्ष्यांच्या मागं असणारा डास लाइट ट्रॅपमध्ये तसा कमी येतो, उलट दलदलीतले आणि पावसाच्या साचलेल्या पाण्यातले डास, एडीस वेक्सान्ससारखे, झुंडीनं येतात. म्हणजे कुणी नुसता लाइट ट्रॅप लावून एकूण आकडा बघितला असता तर त्याला वाटलं असतं की सगळा धोका दलदलीच्या कडेला आहे, आणि व्हायरस तर घरामागच्या तुंबलेल्या चेंबरमधून निघालेल्या डासांमध्ये वाढत होता.

मग लाइट ट्रॅपचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग मोठा आहे. पक्ष्यांमध्ये व्हायरस वाढवणारा डास एक, आणि पक्ष्याला चावून नंतर माणसाला किंवा घोड्याला चावणारा डास दुसराही असू शकतो, हा दुसरा सापडतो तो लाइट ट्रॅपमध्ये. स्टेटन आयलंडवर क्युलेक्स सॅलिनेरियस असाच निघाला, दलदलीत वाढणारा, पक्षी आणि सस्तन प्राणी दोघांनाही चावणारा, आणि त्याच्यातही व्हायरस मिळाला. तो नुसत्या ग्रॅव्हिड ट्रॅपमधून असा दिसलाच नसता. दोन सापळे दोन वेगळे प्रश्न विचारतात, दोन्हींची उत्तरं हवीत.

पकडलेल्या डासांचं पुढं काय होतं ते थोडक्यात. थंड पेटीतून लॅबमध्ये, तिथं थंड टेबलावर मायक्रोस्कोपखाली एकेक डास बघून जात ओळखायची, मग एकाच जागेचे, एकाच तारखेचे, एकाच जातीचे जास्तीत जास्त ५० डास एका नळीत, याला पूल म्हणतात. त्या पूलमधले डास बारीक वाटून पीसीआरनं किंवा पेशींवर वाढवून व्हायरस आहे का बघायचं. पिपियन्स आणि त्याच्यासारखाच दिसणारा क्युलेक्स रेस्टुअन्स पंख्यात घासून आले की ओळखणं जवळजवळ अशक्य, म्हणून ते बऱ्याचदा एकत्रच मोजले जातात. पूलमधला एक डास बाधित होता की दहा हे कळत नाही, म्हणून कमीत कमी एक होता असं धरायचं आणि दर हजारी आकडा काढायचा. समजा १,००० डास २० पूलमध्ये तपासले आणि २ पूल पॉझिटिव्ह आले, तर किमान संसर्ग दर हजारी २. साधं गणित आहे, पण सगळं या एका आकड्यावर फिरतं. डास किती आहेत यापेक्षा त्यातले किती व्हायरस घेऊन उडतायत हे जास्त मोलाचं.

आता प्रत्यक्ष काय झालं. १९९९ मध्ये साथीचं केंद्र क्वीन्स होतं, त्यामुळे २००० मध्ये सगळ्यांचं लक्ष तिकडं जाणं साहजिक होतं. पण २००० मध्ये पूर्ण क्वीन्समध्ये एकच पेशंट निघाला. शहरात एकूण १४, त्यातले १० एकट्या स्टेटन आयलंडवर, जिथं त्यावेळी साडेचार लाखांच्या आसपास लोक राहत होते, म्हणजे शहराच्या लोकसंख्येचा अगदी लहान हिस्सा. दलदल, झाडी, बैठी घरं, परसबागा असलेला हा भाग. घोडेही आजारी पडले, दोन. डासांच्या पाच जातींमधून व्हायरस वेगळा करता आला, एडीस वेक्सान्स, क्युलेक्स पिपियन्स, क्युलेक्स सॅलिनेरियस, ऑक्लेरोटेटस ट्रायसेरिएटस आणि सोरोफोरा फेरॉक्स, आणि ॲनॉफिलिस पंक्टिपेनिसमध्ये व्हायरसचा आरएनए (त्याचा जनुकीय अंश) सापडला. आणि मुख्य गोष्ट, पहिला माणूस आजारी पडायच्या आधी दोन आठवडे पिपियन्सचा आठवड्याचा संसर्ग दर वर गेलेला होता, आणि त्याच दोन आठवड्यांत मेलेल्या पक्ष्यांची घनताही वाढलेली होती. दोन वेगळ्या बाजूंनी, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांनी गोळा केलेली माहिती (पक्ष्यांची माहिती तर बरीचशी लोकांच्या फोनवरून) एकाच दिशेला बोट दाखवत होती, आणि तेव्हा बेटावर अजून कुणीही या रोगानं आजारी नव्हतं.

दोन आठवडे कुठून आले तेही बघा. डासाच्या पोटात गेलेला व्हायरस लाळेपर्यंत पोचायला आठवडाभर ते दोन आठवडे लागतात, माणसाला चावल्यावर लक्षणं दिसायला दोन ते चौदा दिवस, मग तो डॉक्टरकडे जाणार, ॲडमिट होणार, रक्त आणि पाठीतलं पाणी लॅबला जाणार, रिपोर्ट येणार. यातली प्रत्येक पायरी दिवस खाते. हॉस्पिटलमधल्या पहिल्या पक्क्या रिपोर्टवर जाग येणारी यंत्रणा म्हणजे महिनाभर जुनी गोष्ट आज ऐकणारी यंत्रणा.

अर्थात हे सगळं जसंच्या तसं घेऊ नये. एक बेट, एक मोसम, दहा पेशंट, एवढ्यावर उभा असलेला निष्कर्ष आहे, अभ्यास करणाऱ्यांनीही तो वाढत्या धोक्याचा निदर्शक असू शकतो एवढंच म्हटलंय. दुसरं, ते दोन आठवडे डास पकडल्याच्या तारखेपासून मोजलेले आहेत, लॅबचा रिपोर्ट हातात यायच्या तारखेपासून नाही. ओळखायला, पूल करायला, तपासायला चार-सहा दिवस गेले तर दोन आठवड्यांतले तेवढे तिथंच संपले, मग फवारणीची परवानगी, लोकांना आगाऊ सूचना, हवामान, आणि हातात उरतो जेमतेम आठवडा. तिसरं, कमी डास तपासले असतील तर एकाच पॉझिटिव्ह पूलनं दर गगनाला भिडतो आणि पुढच्या आठवड्यात शून्यावर येतो, त्यामुळे मोसमाच्या सुरुवातीच्या आकड्यावर एकदम उडी मारता येत नाही. माझ्या मते या तिन्हींवर उपाय एकच, लॅबमध्ये माणसं वाढवणं. सापळा स्वस्त आहे, डास ओळखणारा डोळा महाग आहे, आणि बजेट कापताना नेमका तोच आधी कापला जातो. न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत शहरातसुद्धा १९९९ च्या आधी डासांवर नियमित नजर ठेवणारी व्यवस्था उरलेली नव्हती, कारण वर्षानुवर्षं काही झालं नव्हतं.

डासांच्या रिपोर्टवरून हालचाल करणं लोकांना पचतं का? २४ जुलै २००० ला सेंट्रल पार्कमधल्या डासांमध्ये व्हायरस सापडला म्हणून संध्याकाळी पार्क बंद केलं आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा तिथला खुला कार्यक्रम रद्द झाला. बरेच लोक वैतागले, एकही पेशंट नसताना हे काय. मला तो निर्णय बरोबर वाटतो, हजारो लोक संध्याकाळी गवतावर बसणार आणि क्युलेक्सची चावायची वेळ तीच. फवारणीवरचे आक्षेप मात्र खरे होते आणि आहेत, औषध माशांना, मधमाश्यांना लागतं, दम्याच्या लोकांना त्रास होतो, आणि म्हणूनच सगळीकडे फवारत सुटण्यापेक्षा सापळा जिथं दाखवेल तिथंच फवारणं जास्त पटतं.

पुढं वेस्ट नाइल अमेरिकाभर गेला, २००२ मध्ये ४,१५६ पेशंट आणि २८४ मृत्यू. सापळ्याचे आकडे वाचायची पद्धतही पुढं गेली, एका रात्री एका सापळ्यात सरासरी किती डास आणि त्यातले किती बाधित यांचा गुणाकार करून एकच निर्देशांक काढायला लागले. २०१२ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस काउंटीत हा निर्देशांक मोसमाच्या सुरुवातीलाच चढला होता, विमानातून फवारणी सुरू झाली ऑगस्टच्या मध्याला, आणि त्या मोसमात तिथं १९ माणसं गेली. आकडा होता, तो बघून कुणी काय करायचं हे आधी ठरलेलं असतं तर बरं झालं असतं.

हे आधी ठरवायचं काम दक्षिण कोरियानं जपानी एन्सेफलायटिससाठी (म्हणजे जपानी मेंदूज्वरासाठी) केलंय. तिथं दरवर्षी गोठ्यांजवळ लाइट ट्रॅप लागतात, हा रोग पसरवणारा क्युलेक्स ट्रायटेनिओऱ्हिंकस डास मोसमात पहिल्यांदा सापडला की देशभर पहिली सूचना निघते, आणि एका रात्री त्याच्या ५०० किंवा जास्त माद्या सापडल्या आणि एकूण डासांत त्या निम्म्या किंवा त्याहून जास्त असल्या की वरच्या पातळीचा इशारा. पेशंट सापडायची वाट बघायची गरज नाही.

हाच डास आपल्या भातशेतीतला. विदर्भात भंडारा, गोंदिया, गडचिरोली पट्ट्यात आणि गोव्यातही जपानी मेंदूज्वर नवीन नाही, डुकरं आणि बगळे व्हायरसचे साठे, आणि पाणी भरलेली खाचरं डासाचं घर. आपल्याकडे संध्याकाळी गोठ्यात जाऊन एका माणसानं तासाभरात किती डास पकडले हे मोजायची पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण ती पकडणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, लाइट ट्रॅप सोबत लावला तर माणूस बदलला तरी आकडा तुलनेला उभा राहतो. जागा निवडताना डुकरांच्या खुराड्याजवळ एक आणि गुरांच्या गोठ्याजवळ एक असा लावावा, कारण गुरांकडे डास भरपूर येतात पण गुरांमध्ये हा व्हायरस वाढत नाही, वाढतो तो डुकरांमध्ये. डेंग्यूसाठी मात्र लाइट ट्रॅप घेऊन बसू नका, एडीस इजिप्ती दिवसा चावतो आणि दिव्याकडे फारसा येत नाही, त्याच्यासाठी पिंपं, कुंड्या, टायर तपासणं हाच रस्ता. आणि पेरणीनंतर खाचरं भरल्यावर सापळे लावायला घेतले तर आधीच्या आठवड्यांचा तुलनेला आकडाच हातात नसतो, म्हणून पहिला सापळा मृगाच्या आधी, शेत कोरडं असतानाच टांगलेला हवा.